दगडाच्या दोन आंघोळी

मोह गळायला लागला की मी शेडची मागची खिडकी लावून घेते. शेजारणीला वाटतं, उन्हाची झळ लागते म्हणून. ऊर्जानगरच्या कंपाउंडपलीकडं एकच मोहाचं झाड उरलंय, तेही अर्धं वाळलेलं. पण फाल्गुन सरत आला की पहाटे त्याचा तो गोडूस, आंबूस वास थेट माझ्या दगडांपर्यंत येतो. त्या वासानं कुणाला गाव आठवतं, कुणाला माहेर, कुणाला आणखी काही. मला खोकला आठवतो. लटारूभाऊंचा. आधी वास आणि मागून खोकला, असंच ते सात वर्षांपूर्वीच्या त्या मोसमात होतं आणि माझ्या कानात अजून तसंच आहे.

खिडकी लावून झाली की मी पाण्याचा पाइप सुरू करते. आता मी दगड ओला करूनच कापते. पायाशी पांढरा चिखल साचतो, साडीचा काठ भिजतो, बोटं दुपारपर्यंत सुरकुतून जातात आणि दगड काही बोलत नाही. पाण्याखालचा दगड मुका असतो. लटारूभाऊ असते तर त्यांनी माझ्या हातातून पाइप काढून घेतला असता. ते नाहीत. आणि ते नाहीत याचं कारण इतकंच की त्या वेळी हा पाइप दगडावर सुरू नव्हता. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. शेवटपर्यंत झाकून ठेवावं असं त्यात काही नाही. मी ते स्वतःपासूनच फार दिवस झाकून ठेवलं होतं.

चिमूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर, जंगल जिथं डांबराला येऊन भिडतं, तिथं त्यांची शेड होती. चार बल्ल्या, वर टिनाचं छप्पर, एका बाजूला पळसाचं झाड. पाटे-वरवंटे एकावर एक रचलेले, जात्यांच्या तळ्या भिंतीला टेकवलेल्या आणि मधूनच एखादा अर्धा मारोती. मी नागपूरच्या कला महाविद्यालयातून मूर्तिकला शिकून आलेली, म्हणजे मला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. लटारूभाऊंनी पहिल्या दिवशी माझ्या हाती एक वरवंटा दिला आणि तो गोल करायला सांगितला. तो गोल व्हायला मला अकरा दिवस लागले. त्यांची बायको बयाबाई तो वरवंटा घरी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सांगत आली की चटणी एकाच बाजूची वाटली जाते.

भाऊंचं दगडाशी वागणं सोयरीक बघायला गेल्यासारखं असे. खदानीतून दगड आला की आधी त्याच्यावर घागरभर पाणी ओतायचे आणि समोर विडी न पेटवता बसून राहायचे. दगड वाळत जायचा. सगळा वाळला तरी जिथं चीर असेल तिथं एक ओली रेघ उरते. अशी रेघ दिसली की तो दगड पाट्या-वरवंट्याच्या ढिगात जायचा. रेघ नसली तर तो मूर्तीचा. ही त्याची पहिली आंघोळ. त्यानंतर काम पुरं होईपर्यंत त्याला पाण्याचा थेंब लावायचा नाही, कारण इथून पुढं सगळा कारभार कानाचा. हातोडीचा दांडा दगडावर हलकेच मारायचा, मान डावीकडं कलती करायची आणि ऐकायचं. चांगला दगड खन्न वाजतो. आत कुठं पोकळ असेल, नस असेल, माती असेल, तर बद्द.

"दगडाले दोनच आंघोळी, बाई," त्यांनी मला सांगितलं. "एक जलमाची, एक मांडायच्या दिवशीची. मधात पानी लावलं का तो बोलत नाई. आन जिथी बद्द बोलते, तिथून हात काढा. जबरदस्ती कराल तं सगळाच जाईन."

मला हे फार आवडलं. कॉलेजात आम्हाला दगड भिजवून कापायला शिकवलं होतं, धूळ उडू नये म्हणून. पण तिथं शिकवणाऱ्यांपैकी एकानंही दगडाला कान लावलेला मी पाहिला नव्हता. इथं एक माणूस दगडाचं ऐकत होता! मी त्या ऐकण्याच्या प्रेमातच पडले. पुढं चार लोकांत मीही मान कलती करून सांगायला लागले की आम्ही कोरडंच काम करतो, पाण्यानं दगड मुका होतो. ऐकणारे माना डोलवायचे. मला तेव्हा भाऊंपेक्षाही भाऊंची शिष्या जास्त आवडत होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र मी नागपूरहून येताना सोबत आणली होती आणि ती सोडली नाही. ग्राइंडर. भाऊंच्या बापजाद्यांनी छिन्नी-हातोड्यानं काम केलं. छिन्नीनं दगडाच्या कपच्या उडतात, बारीक खडी पडते आणि बरीचशी पायाशीच राहते. ग्राइंडर दगडाचं पीठ करतो. भाऊंनी आधी त्या मशीनकडं सवतीकडं बघावं तसं बघितलं, मग एक दिवस हातात धरलं आणि चार दिवसांचं काम सकाळच्या चहापर्यंत उरकलेलं पाहून लहान मुलासारखे हसले. त्यांचा नियम, कोरडं काम. माझं यंत्र, ग्राइंडर. दोन्ही आपापल्या जागी ठीक होते. आम्ही ते एकत्र केले, आणि आम्हा दोघांनाही वाटलं की जुन्या-नव्याची काय झकास सांगड घातली.

त्या मोसमाच्या आधीची तीन वर्षं असंच चाललं. मग पलीकडच्या गावच्या विहारासाठी बुद्धमूर्तीचं काम आलं. बैठी मूर्ती, माणसापेक्षा थोडी मोठी, आमच्याच भागातल्या पिवळसर वाळूच्या दगडात. गावातल्या बाया कामाचं विचारायला माझ्या आईकडं आल्या होत्या, आमच्या समाजातली एक मुलगी दगड कोरते असं त्यांच्या कानावर गेलं होतं. वैशाखी पौर्णिमेला मूर्ती बसवायची होती. दगड शेडमध्ये उतरला तेव्हा मोहाला नुकत्या कळ्या धरल्या होत्या. म्हणजे हातात अडीच महिने.

आमच्याकडं मोहाचा मोसम म्हणजे भीतीचा मोसम. फुलं पहाटे गळतात, गुरं आणि हरणं ती खायला येतात आणि त्यांच्या मागं तो येतो. बायका वाकून फुलं वेचतात. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं म्हणतात. वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरायची, एकटं जाऊ नका, उजाडल्याशिवाय जाऊ नका. त्या वर्षी त्यांनी मुखवटेही वाटले होते. माणसाच्या चेहऱ्याचे, प्लास्टिकचे, डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. वाघ पाठीवरून येतो, तर त्याला वाटावं की हे माणूस आपल्याकडंच बघतंय. पहाटे शेडवर येताना मला जंगलाच्या कडेला त्या बायका दिसायच्या. धुकं, जाळलेल्या पाचोळ्याचा वास, आणि पाठमोऱ्या जाणाऱ्या दहा-बारा जणी, सगळ्यांचे चेहरे माझ्याकडं. एकसारखे, गुलाबी, न हलणारे. मी चेहरे कोरणारी बाई, पण त्या चेहऱ्यांकडं मला बघवत नसे.

बयाबाई त्यांच्यात असायची. नऊच्या सुमाराला टोपली भरून शेडवर यायची, मुखवटा तसाच मागं लटकलेला. फुलं चटईवर पसरायची. त्यांच्यावर आमची धूळ बसू नये म्हणून पळसाच्या पार पलीकडं, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. फुलांना धूळ लागू नये याची काळजी सगळ्यांना होती.

मूर्तीच्या खांद्यांचा आकार निघाला तेव्हा एकदा बाबा आले. माझे बाबा औष्णिक केंद्रात कोळसा उतरवायच्या विभागात नोकरी करून निवृत्त झालेले. कंपनीच्या बसची वेळ त्यांच्या अंगात इतकी मुरलेली की आजही पाचच्या ठोक्याला चपला शोधतात. ते मोटरसायकलवरून उतरले, आणि आम्हाला हाक न मारता शेडच्या बाहेरच उभे राहिले. आत ग्राइंडर सुरू होता. छपराच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या येत होत्या आणि त्या पट्ट्यांत धूळ तरंगत होती. मला ते दृश्य फार आवडायचं. मी त्याचे फोटोही काढले होते.

मशीन थांबल्यावर बाबा आत आले. त्यांनी मूर्तीकडं पाहिलंच नाही. भाऊंच्या भुवया पाहिल्या, पापण्या पाहिल्या, माझे केस पाहिले. सगळं पांढरं.

"आमच्याकडं कोळसा ओला केल्याबिगर कोनी फावडं लावत नव्हतं," ते म्हणाले. "काळी धूळ दिसते तरी. नाकातून निंगते, धुतली का समजते. हे पांढरी दिसत बी नाई, बेटा. पानी मारत जा."

मी त्यांना आमचा नियम समजावून सांगितला. दोन आंघोळी, मधे कोरडं, दगडाचं बोलणं. चांगलं रंगवून सांगितलं. भाऊ मान हलवत होते. बाबांनी पुरतं ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात एक पाइप आणि नाकावर बांधायच्या मास्कचा डबा पाठवून दिला. पाइप बयाबाईनं वांग्यांच्या वाफ्याला लावला. मास्क आम्ही दोन दिवस बांधले. त्यात घाम येई, चष्म्यावर वाफ धरे, आणि भाऊंना विडी ओढता येत नसे. तिसऱ्या दिवशी ते खिळ्याला टांगले गेले. रोज सकाळी बयाबाई आपला मुखवटा त्याच खिळ्याला टांगायची. मागच्या बाजूला लावायचा चेहरा आणि पुढच्या बाजूला लावायचं फडकं, दोन्ही शेजारी शेजारी. त्यातलं एक रोज वापरलं जाई.

भाऊंना खोकला आधीपासून होता. कोरडा, दोन-तीन ठोक्यांचा, हातोडा ठेवल्यावर येणारा. ते विडीवर ढकलायचे, बयाबाई मोहाच्या दारूवर, मी हवेवर. त्या मोसमात तो हातोडा चालू असतानाही यायला लागला. बाहेर कुठं पान वाजलं तरी आम्ही तिघं दचकून जंगलाकडं बघत असू. आणि शेडच्या आत, आमच्यापासून हातभर अंतरावर, एक माणूस दर ठोक्याला खोकत होता, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

मूर्तिकार मंडळींचं एक आवडतं वाक्य आहे. मूर्ती दगडात असतेच, आपण फक्त जास्तीचं काढून टाकतो. भाषणात हे वाक्य टाळ्या घेतं, मीही ते वापरून टाळ्या घेतल्या आहेत. पण त्या काढून टाकलेल्या दगडाचं पुढं काय होतं, हे टाळ्या देणाऱ्यांनी विचारलं नाही आणि घेणाऱ्यांनी सांगितलं नाही. अडीच महिन्यांत त्या बुद्धाच्या अंगावरून आम्ही बैलगाडीभर तरी दगड काढला असेल. कपच्या रस्त्याच्या खड्ड्यात गेल्या. खडी बयाबाईनं अंगणात टाकली. पण पिठाचं काय? ते हवेत गेलं असं मी म्हणायची. हवा कुठं जाते, हे काय मला माहीत नव्हतं? माहीत होतं. माणूस जे जाणतो त्याच्याकडं पाठ करून किती छान काम करू शकतो, याचं मलाच नवल वाटतं. मुखवटा तर माझ्याही डोक्याच्या मागं होता म्हणायचा.

चैत्र अर्ध्यावर आला. ऊन असं की दुपारी टिनाखाली छिन्नीला हात लावला तर चटका बसे. आम्ही पहाटे काम सुरू करून दहाला थांबायचो आणि उन्हं उतरली की पुन्हा. दुपारभर रस्ता रिकामा. लांब कुठंतरी होला घुमायचा. मूर्तीचा चेहरा अजून कोरा होता, पण खांदे, मांड्या, मांडीवर ठेवलेले हात निघाले होते, आणि त्या दुपारी तो चेहऱ्याशिवायचा माणूस आमच्यात बसलेला असायचा. भाऊ त्याच्याकडं पाय करून झोपत नसत. ते हिंदू, घरी मारोती पुजणारे. मी एकदा त्यावरून त्यांना चिडवलं, तर म्हणाले की बसलेल्या माणसाकडं पाय कसे करायचे, मग तो कोनाचा का असेना.

छातीवर चिवराची रेघ काढायची होती, त्या सकाळी त्यांनी हातोडीचा दांडा मूर्तीच्या छातीवर मारला, मान कलती केली आणि थांबले. पुन्हा मारला. एका वितीवर मारला. खाली मारला. मग हातोडी खाली ठेवून माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा एरवी धुळीनं पांढरा असायचा, पण हे वेगळं होतं.

"बाई," ते म्हणाले, "ह्याच्या छातीत चीर हाय."

पौर्णिमेला महिना उरला होता. दुसरा दगड मिळणार नव्हता, मिळाला तरी इतक्या दिवसांत उभा राहणार नव्हता. नियम सरळ होता, बद्द बोलेल तिथून हात काढायचा. भाऊंनी हात काढला. पाच दिवस शेड बंद. विहाराच्या बाया निरोपावर निरोप पाठवत होत्या, मी त्यांना काहीबाही सांगत होते आणि रोज सकाळी जाऊन त्या छातीपुढं बसत होते. पहिल्या आंघोळीत रेघ दिसली नव्हती. मग ही चीर आली कुठून?

सहाव्या दिवशी मी स्वतः वाजवून पाहिलं. माझा कान भाऊंसारखा नव्हता, पण बद्द आणि खन्न कळण्याइतका तयार झाला होता. मी वाजवलं आणि दगड खन्न वाजला. सगळीकडं वाजला. छातीवर तर सगळ्यांत स्वच्छ. मला वाटलं, मला हवं तेच ऐकू येतंय. मी भाऊंना बोलावून आणलं, त्यांच्या हाती हातोडी दिली आणि या वेळी दगडाऐवजी त्यांच्याकडं बघत राहिले. ते मूर्तीजवळ गेले. डावा हात तिच्या खांद्यावर टाकला, आपली छाती तिच्या दंडाला टेकवली, पुरता भार तिच्यावर दिला आणि मग दांडा मारला. बद्द.

घंटेला हात लावून वाजवली तर ती वाजत नाही, हे लहान मूलही सांगेल. भाऊ दगडाला टेकत होते. चाळीस वर्षं दगडापासून हातभर लांब, दोन पायांवर उभा राहून ऐकणारा माणूस त्याला टेकून ऐकत होता आणि आपलंच ओझं त्याची चीर समजत होता.

मी त्यांना बाजूला होऊन वाजवायला सांगितलं. ते हात सोडून उभे राहिले, जरासे डुलले, आणि त्यांनी दांडा मारला. खन्न! असा लखलखीत आवाज की पलीकडून बयाबाईनं मान वर केली. भाऊ हसले. हसता हसता खोकले आणि खोकता खोकता पुन्हा हसले.

"मीच त्याले दाबून राह्यलो होतो," ते म्हणाले.

मी आनंदानं टाळ्या पिटल्या. बाबांना फोन लावून सांगितलं, मूर्ती वाचली. बायांना निरोप धाडला. बयाबाईनं त्या दिवशी मोहाची फुलं घालून गोड भाकरी केली आणि आम्ही तिघांनी पळसाखाली बसून खाल्ली. दगड वाचला या आनंदात मला एक साधा प्रश्न सुचला नाही. मला नाही सुचला, आणि मला याची लाज वाटते. चाळीस वर्षं न टेकलेला माणूस आता का टेकत होता? त्याच्या पायांना काही झालं नव्हतं. त्याला उभं राहायला श्वास पुरत नव्हता. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याचा अर्थ दगडापुरता लावला होता आणि बाकीचा सोडून दिला होता.

उरलेल्या दिवसांत ग्राइंडर दिवसभर चालला. पाच दिवस भरून काढायचे होते ना.

पौर्णिमेच्या सकाळी मूर्ती विहारात बसली आणि तिला दुसरी आंघोळ झाली. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया रांगेत उभ्या राहून कळश्या पुढं देत होत्या. पाणी डोक्यावरून, मिटल्या पापण्यांवरून, त्या छातीवरून खाली यायचं आणि फरशीवर तांदळाच्या धुवणासारखं पांढरं होऊन वाहायचं. दहा कळश्या झाल्या, पंधरा झाल्या, पाणी पांढरंच. एक म्हातारी म्हणाली की इतकी धूळ आली कुठून. मग हळूहळू ते निवळलं आणि ओल्या दगडाचा मधासारखा रंग वर आला. लोकांनी हात जोडले. मी भाऊंना शोधलं. विहाराला चार पायऱ्या होत्या. ते सगळ्यांत खालच्या पायरीवर बसले होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकवून, खांदे वर उचलून. मी त्यांना वर बोलावलं. ते म्हणाले, इथून चांगला दिसते. तिथून मूर्ती दिसत नव्हती, दाराची चौकट दिसत होती.

पावसाळ्यात त्यांना चंद्रपूरला दाखवलं. आधी टीबी वाटला. थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही. मग एका वयस्कर डॉक्टरांनी त्यांना काम काय करता ते विचारलं आणि उत्तर ऐकून शर्ट काढायला सांगितला. भाऊ स्टुलावर बसले. डॉक्टरांनी डाव्या हाताचं मधलं बोट त्यांच्या पाठीवर आडवं ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकायला सुरुवात केली. ठक, ठक. बोट सरकवायचं, पुन्हा ठक. मी भिंतीशी उभी होते. पाहिलं तर भाऊंनी मान डावीकडं कलती केली होती. शेडमध्ये करायचे तशी. डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टरांचं बोट वरून खाली उतरत गेलं, मग एके ठिकाणी अडलं.

"सायेब," भाऊ म्हणाले, "तिथी बद्द हाय. हात काढा."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले आणि रडले. पण तोवर खूप उशीर झाला होता, आणि रडण्यानं धूळ धुतली जात नाही.

नंतर एक्स-रे झाला, औषधं झाली, ऑक्सिजनचं नळकांडं घरी आलं. भाऊ खाटेवर उशा रचून बसलेले असायचे. त्यांना आडवं होता येत नसे. मी गेले की पहिलं विचारायचे, दगड कोनता आनला. पुढच्या फाल्गुनात, मोह नुकता गळायला लागला होता तेव्हा, एका सकाळी बयाबाई फुलं वेचून परत आली तर ते उशांना टेकून बसलेले होते आणि खोकत नव्हते.

वाघानं त्या दोन मोसमांत गावातलं कुणी नेलं नाही. एक गाय नेली, तिची चर्चा अजून होते.

तेराव्यानंतर मी बयाबाईला भेटायला गेले. मला माफी मागायची होती. ग्राइंडरबद्दल, पाइपबद्दल. कसं बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून मी भाऊंच्या कानाबद्दल बोलत राहिले, की असा कान पुन्हा व्हायचा नाही, दगडाच्या पोटातलं त्यांना ऐकू यायचं. ती सुपात फुलं पाखडत होती. तिचा हात थांबला नाही.

"तुमच्या बाबानं सांगतलं होतं पानी मारा म्हनून," ती म्हणाली. "मी आयकलं होतं, बाई. मी तं चटईबी लांब नेली. तुमी दोघंच दिवसभर कान लावून बसत होते, तुमालेच आयकू नाई आलं."

आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं निघताना मला ओंजळभर वाळलेली फुलं दिली आणि वाफ्याला लावलेला तो पाइप गुंडाळून माझ्या हातात ठेवला.

तोच पाइप मी वापरते. जागोजागी चिकटपट्टी लावलेली आहे. गेली सहा वर्षं माझ्या शेडमध्ये धूळ उडालेली नाही. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुली मास्क विसरल्या तर मी त्यांना दारातून परत पाठवते. त्या मला मागं खडूस म्हणतात, ते मला माहीत आहे. म्हणू देत. पण त्याआधीच्या चार वर्षांचं पीठ पाइपनं परत येत नाही, आणि या दिवाळीपासून मला एक खोकला लागला आहे. कोरडा. दोन-तीन ठोक्यांचा. मशीन बंद केल्यावर येणारा. मी तो थंडीवर ढकलला, थंडी गेल्यावर फोडणीवर, आणि मोहाचा वास आला तेव्हा वासावर. आमच्या घरी मात्र अजून एक माणूस आहे जो ऐकतो. बाबांनी आठवडाभर ऐकलं आणि काल मोटरसायकल काढून दारात उभे राहिले.

डॉक्टरबाई तरुण होत्या. काम काय करता हे त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध. पाठीवर गार बोट आडवं पडलं आणि ठोके सुरू झाले. उजवी बाजू वरपासून खालपर्यंत स्वच्छ वाजली, माझा श्वास जरा सैल झाला. त्या डावीकडं वळल्या. खिडकी उघडी होती. मी मान कधी कलती केली ते माझं मलाच कळलं नाही. बोट खांद्याच्या हाडाजवळ आलं, थांबलं, पुन्हा त्याच जागेवर ठोकलं, आणि मग आणखी एकदा.

"तुम्ही टेकलाय का कशाला?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "जरा सुटं बसा, आवाज नीट येत नाहीये."

मी कशालाच टेकले नव्हते.